ओला स्लॅब

पायाखाली काहीतरी खरखरलं आणि रंजीताचा पाय तिथंच अडखळला. खिळा नव्हता. खिळा तिला ठाऊक होता; एका गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, तळव्यात खिळा घुसला होता आणि त्याच पायानं तिनं पूर्ण नाच केला होता. तेव्हापासून कुठल्याही गावात नाटक असो, दुपारीच येऊन अनवाणी पायानं सगळं स्टेज एकदा फिरून घ्यायचं, एक गिरकी मारून बघायची, असा तिचा नेमच झाला होता. नाटक कंपनीतली माणसं हसायची. हसोत बापडी, नाचायचं तिला होतं. आजही ती धान कापून झालेल्या बांधीत उभ्या राहणाऱ्या त्या स्टेजवर चढली होती, साडी खोचून, उन्हात डोळे बारीक करून, आणि मोठ्या खुशीत होती. खुशीत का नसणार? पलीकडे मंडई भरली होती, पाळणेवाल्याचा भोंगा कोकलत होता, जिलबीच्या कढईचा वास थेट स्टेजपर्यंत येत होता, आणि वडशाला तिचं स्वतःचं, स्वतःच्या नावाचं घर उभं झालं होतं. ती खाली वाकली. फळीला करड्या रंगाची पापडी चिकटली होती. नखानं खरवडली तर निघाली. फळी ओली होती. नाक जवळ नेलं तर जळक्या ऑइलचा वास आला, आणि हा वास आपण अलीकडेच कुठंतरी घेतलाय, मोठ्या आनंदात घेतलाय, एवढंच तिला आठवलं.

"इसरू, ह्या फळ्या कोठच्या गा?" तिनं विचारलं. इसरू म्हणजे कंपनीचा स्टेज लावणारा. तो खाली लाकडी बल्ल्यांना दोर आवळत होता.

"कोठच्या म्हणजे? तुमच्याच घरच्या ना, बाई!" इसरूनं दात काढले. "आपल्या जुन्या फळ्या सडल्या ना पावसानं. मंग भाऊ म्हणे, रंजीच्या घरच्या स्लॅबखालचं सेंटरिंग खोला अन् तेच लावा. लय जड होत्या जी, पाणी पिऊन बसल्या होत्या. आता तुमच्याच घरच्या फळ्यायवर तुमीच नाचान!"

रंजीता पण हसली. हसण्यासारखंच होतं ते. मग हसता हसता थांबली आणि पुन्हा त्या पापडीकडं पाहायला लागली. भाऊ म्हणजे गुणवंतराव. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत घरं बांधायचे आणि दिवाळीनंतर नाटकात बाप व्हायचे. ठेकेदार तेच, कंपनीचे मालक तेच, आणि रोज स्टेजवर रंजीताला पोटाशी धरून रडणारा बापही तेच. त्यांनीच दोन-तीन दिवसांमागं फोनवर सांगितलं होतं, झालं रंजी तुझं घर, पक्कं झालं, सेंटरिंग खोलून टाकलं. दोन-तीन दिवसांमागं की कालच? इथंच तिची गल्लत व्हायला लागली. सीझन सुरू झाला की दिवसाला दिवस आणि रात्रीला रात्र उरत नाही. गाडीत झोपायचं, भर दुपारी दात घासायचे, वार विचारला तर गावाचं नाव सांगायचं. ती गावं आठवायला लागली. स्लॅब टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी विसोऱ्याला नाटक. मग ते तलावाकाठचं गाव, जिथं पेटीवाल्याला ताप आला. मग जिथं पडदा फाटला ते. मग आज. ती बोटं मोजायला लागली आणि दुसऱ्या हातावर जायची वेळच आली नाही. पुन्हा मोजली. अगं बाई, पाच दिवसांत कुठं स्लॅब पक्का होतो? तिला बांधकामातलं काडीचं कळत नव्हतं, पण एवढं तर वडशातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे स्लॅब पक्का झाला म्हणून फळ्या निघाल्या नव्हत्या. फळ्या पाहिजे होत्या म्हणून स्लॅब पक्का झाला होता.

आणि त्या स्लॅबखाली माय होती.

हे ध्यानात आलं तेव्हा ती त्याच फळीवर मटकन बसली. माय, सुकरीबाई, धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावातून परवाच आली होती. येत नव्हती ती. बाप गेल्यापासून रंजीता मागं लागली होती, चल माय, चल वडशाले, आणि माय म्हणायची, तुझ्या भाड्याच्या खोलीत मी कायले येऊ, घरवाली कवा हाकलन त्याचा नेम नाई. खोटं नव्हतं ते. नाटकवालीला खोली देताना लोकांच्या तोंडावर जे यायचं ते रंजीतानं किती दारांत पाहिलं होतं. एका घरमालकिणीनं तर तिची दोरीवर वाळत घातलेली चमकीची चोळी काठीनं उचलून अंगणात टाकली होती. काठीनं! त्या दिवशी रंजीतानं ठरवलं होतं की आता स्वतःची दोरी, स्वतःचं अंगण. आणि मायचं घराचं गणित सरळ होतं. तिच्या गावात माती चढते, लाकूड बसतं, टेकू निघतो, आणि टेकू निघाला की घर झालं. त्याच सांजेला चूल पेटवायची. काल इथंही बल्ल्या निघालेल्या पाहिल्या आणि मायनं आत खाट टाकली, तीन विटा मांडल्या, चूल पेटवली. फोनवर हरखून सांगत होती, लय थंडगार आहे तुझं घर, डोईवर आभाळ ठेवल्यासारखं. रंजीतालाही कोण आनंद झाला होता! तिनं तो अख्ख्या गाडीला सांगितला होता, पेटीवाल्याला झोपेतून उठवून सांगितला होता.

तिनं मायला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. माय फोन तांदळाच्या डब्यात ठेवते, वर झाकण लावते, उंदरानं खाऊ नये म्हणून. मग तो आतल्या आत किती का कोकलेना. रंजीताला तो डबा दिसायला लागला. खाट दिसायला लागली. आणि वर, छताच्या वर, मातीचे आळे करून भरलेलं पाणी. ते पाणी माय सकाळ-संध्याकाळ भरणार, कारण भाऊनं तिला फोनवर बजावलं होतं, बाई, पाणी चुकवू नका, पाण्यानंच घर पक्कं होते. माय चुकवणाऱ्यातली नव्हे. पाण्यानं भरलेल्या गुंडावर गुंड घेऊन ती बाजूच्या शिडीनं चढत असणार, डोईवर जे आभाळ ठेवलंय त्याच्यावर आणखी पाणी ओतत असणार, आणि मग खाली येऊन त्याच्याच खाली आडवी पडत असणार. रंजीता ताडकन उठली. तिचे कान गरम झाले होते, तळवे सळसळत होते, नाटकाची तिसरी घंटा झाल्यावर पडद्याआड जे होतं ना, अगदी तसंच होत होतं, आणि भीतीत असं अंग कसं काय पेटतं याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

गुणवंतराव शाळेच्या खोलीत मेकअपला बसले होते. आरसा बाकावर उभा, अर्धा चेहरा गोरा गुलाबी, अर्धा त्यांचा स्वतःचा, उन्हानं रापलेला. आजच्या नाटकात त्यांना लेकीसाठी सगळं उधळून टाकणारा बाप करायचा होता, आणि तो करताना दर गावात पोरीसोरी हुंदके द्यायच्या. रंजीता त्यांच्यासमोर उभी राहिली. बोलावं तरी कसं? ह्याच माणसानं तिला कोरसमधून उचलून पुढं आणलं. हाच माणूस तिचा बाप वारला तेव्हा सगळी कंपनी घेऊन त्या जंगलातल्या गावात आला होता, तिरडीला खांदा दिला होता, मायच्या पाया पडला होता. रोज ह्या छातीवर डोकं ठेवून ती रडते आणि ते रडणं निम्मंशिम्मं खरंच असतं. अशा माणसाला, तू खोटं बोलला, हे म्हणायचं कसं? तिला मनातून वाटत होतं की त्यांनी हसावं, वेडी आहे का गं म्हणावं, काहीतरी असं सांगावं की सगळं मिटेल. ते ऐकायलाच ती आली होती, खरं म्हणजे.

"भाऊ, स्लॅब पाच दिवसांचा आहे."

"कोणता स्लॅब?"

"माह्या घरचा. तुमी सेंटरिंग खोललं. इथी लावलं."

गुणवंतरावांनी आरशातूनच तिच्याकडं पाहिलं. मग हसले. आणि त्यांनी तो आवाज काढला, स्टेजवरचा, छातीतून येणारा, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाणारा. "रंजी, बेटा, मी काय आज घरं बांधून राह्यलो का? काई होत नाई. थंडीत स्लॅब आतूनच पक्का होते. तुझ्या घरात मी खोट ठेवीन? माह्या पोरीच्या घरात?"

एरवी ती इथं विरघळली असती. पण तो आवाज तिनं ओळखला. रोज ऐकते, न ओळखायला काय झालं! दुसऱ्या अंकात, लेकीला तो बाप सांगतो ना, की घरात सगळं ठीक आहे, आणि प्रेक्षकांना ठाऊक असतं की काहीच ठीक नाही, तेव्हाचा आवाज होता तो. हुबेहूब.

"मंग चला," ती म्हणाली.

"कुठी?"

"वडशाले. पाहून येऊ. लगेच."

"आत्ता? येडी झाली का तू? अर्धा मेकअप झाला, गावचे लोक भेटाले येऊन राह्यले..."

"तवरीक मी स्टेजवर पाय नाई ठेवत." हे आपणच बोललो का, असं तिला वाटलं. आवाज चिरका निघाला होता, नाटकाला अजिबात न शोभणारा. "माय आहे आत, भाऊ. माही माय झोपते त्याच्याखाली."

गुणवंतरावांचा ब्रश खाली आला. मग उठले, गळ्यातला टॉवेल तसाच ठेवून, आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.

गाडी मंडईतून निघता निघेना. लोक काचेवर थापा मारत होते, आले हो आले, बाप आला, पोरगी पण आहे बाजूले! एका आजीबाईनं तर खिडकीतून हात घालून रंजीताच्या गालावरून बोटं मोडली. रंजीता हसत होती, हात जोडत होती, आणि आतून किंचाळत होती, सरका ना, सरका! रस्ता मोकळा झाला तसा गुणवंतरावांनी वेग वाढवला. सागाची पानं रस्त्यावर पडली होती ती चाकाखाली कडकड वाजत होती. तिला स्लॅबचा दिवस आठवला. मिक्सरचा तो घरघराट, फळ्यांना फासलेलं जळकं ऑइल, बायांची रांग, हातोहात जाणारी घमेली, आणि गुणवंतराव डोक्याला रुमाल बांधून ओरडतायत, चला चला, हात चालवा, सीझन आला! तेव्हा ती किती हसली होती त्या सीझन आला वर. वाटलं होतं, आपल्या खुशीत भाऊ पण खुश आहेत. दोन मिस्त्री तर स्लॅब अर्धा असतानाच ढोलकीच्या तालमीला पळाले होते, तेही गोडच वाटलं होतं. सगळे घाईत होते. सगळ्यांना लवकर हात धुऊन नाटकाला लागायचं होतं. तिलाही. मग चूक कुणाची म्हणायची? पण लगेच तिच्या आतून कुणीतरी ठसक्यात म्हणालं, फळ्या कुणी काढल्या? तू काढल्यास? मग गप बस. तिला स्वतःचंच हे बोलणं फार आवडलं. आजवर असं कधी तिनं स्वतःची बाजू घेतली नव्हती; चोळी काठीनं उचलली तेव्हाही माफी तिनंच मागितली होती. भीती होती, ती होतीच, पण तिच्या शेजारी हे दुसरं काहीतरी, धडधडणारं, नवं, जागा मागत बसलं होतं.

रेल्वेफाटकाच्या पलीकडं घर दिसलं. उभं होतं. रंजीतानं श्वास सोडला आणि तिला रडूच आलं, विटांचं, बिनरंगाचं, खिडक्यांना अजून पल्ले नसलेलं ते घर इतकं छान दिसत होतं. गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली, धावली, दारात पोहोचली. माय आत खाटेवर बसून सुपात लाखोरीची दाळ निवडत होती. चुलीवर भात रटरटत होता. खाटेच्या पायथ्याशी जर्मनचा गंज म्हणजे पातेलं ठेवलेलं, आणि त्यात वरून थेंब पडत होता. टप. मग जरा वेळानं पुन्हा टप.

रंजीतानं वर पाहिलं. छत मधोमध खाली आलं होतं. फार नाही, पण कुणालाही दिसावं इतकं, गाभण गाईच्या पोटासारखं. एका कोपऱ्यातून भेग निघाली होती, ती आडवीतिडवी फिरत दुसऱ्या कोपऱ्याकडं गेली होती, आणि थेंब तिथूनच येत होता.

"आली तू!" मायचा चेहरा फुलला. "पाह्य, नवं घर घाम सोडते. मी गंज ठेवला खाली."

"माय, बाहेर ये."

"भात होऊन राह्यला ना. दोन मिनिटं थांब, मंग..."

"माय!" रंजीता किंचाळली. "बाहेर ये म्हणतो ना!" तिनं आत झेप घेतली, मायचा दंड धरला आणि ओढत बाहेर आणलं. दाळीचं सूप उलटं झालं. माय चिडली, पोरीला हे काय खूळ लागलं म्हणून. मग अंगणात अर्धं तोंड गुलाबी आणि अर्धं काळं असलेले गुणवंतराव दिसले तशी तिनं पटकन डोक्यावर पदर घेतला.

गुणवंतरावांनी दाराबाहेरूनच वर पाहिलं. वाकून पाहिलं, सरळ होऊन पाहिलं. रंजीता त्यांच्या तोंडाकडं पाहत होती, आणि कुठल्या अर्ध्याकडं पाहावं ते तिला कळत नव्हतं.

"थोडंसं पोट आलं," ते म्हणाले. "होते असं. त्यात घाबराचं काम नाई. सीझन संपला की खालून प्लास्टर मारतो, त्याच्यावर पीओपी. मधात मोठं कमळ काढून देतो, गुलाबी. लाइट बसवू त्याच्यात. दिसणारच नाई कोणाले."

आणि खरं सांगायचं तर रंजीताला ते कमळ दिसलं. गुलाबी, मधोमध, पाकळ्यांतून लाइट. त्याच्याखाली पलंग, भिंतीला आरसा, दारावर पाटी. ती त्या खोलीत फिरून आली. किती सोपं होतं हो म्हणणं! हो म्हटलं की घर राहतं, भाऊ राहतात, स्टेजवरचा बाप राहतो, संध्याकाळी नाटक होतं, माय आभाळाखाली झोपते. तोंडावर किती लेप बसतो हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? देवीचे वण, रडून सुजलेले डोळे, सगळं झाकता येतं, आणि तीन हातांवरून माणूस फिदा होतो. पण झोपताना लेप धुवावाच लागतो, आणि माय तर ह्याच्याखाली झोपायचीच होती. रंजीताच्या ओठांवर हो आलं होतं. ती नाही म्हणायला धडपडत होती आणि जीभ उचलत नव्हती. घर तिला हवं होतं. फार, फार हवं होतं.

मायला यातलं काहीच समजलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की ज्या माणसानं आपल्या नवऱ्याला खांदा दिला तो उन्हातून आपल्या नव्या घरी पाहुणा म्हणून पहिल्यांदा आलाय आणि अंगणात उभा आहे.

"भाऊ, बाहीर काऊन उभे? आत या ना," ती म्हणाली. "खाट टाकली आहे. पडा जरासे. लय थंड लागते आत."

"नाई बाई, इथीच बरा आहो मी."

"असं कसं? तुमीच बांधलं अन् तुमीच पाय नाई ठेवणार? पोरगी काई म्हणन म्हणून का? तिचं नका मनावर घेऊ, लहानपणापासून तशीच आहे थे."

गुणवंतरावांनी उंबरठ्याकडं पाहिलं. जायचं होतं त्यांना, रंजीताला स्पष्ट दिसलं ते. एक पाऊल पुढं टाकलंही. मग तिथंच थांबले, खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

"घाई आहे जी. नाटक आहे ना."

"मंग घोटभर चहा तरी. पहिल्यांदा आले, तसंच कसं जाऊ देऊ? मी मांडतोच अन् आणतो. भात पण उतरवून येतो." आणि माय पदर सावरत वळली, उंबरठ्याकडं निघाली. रंजीता ओरडणार होती. पण तिच्या आधी गुणवंतराव धावले. टॉवेल खाली पडला. त्यांनी मायला मागून दोन्ही हातांनी धरलं, कमरेत धरलं, परक्या बाईला धरू नये तसं धरलं, आणि मागं खेचलं.

"नको जाऊ आत!" ते ओरडले. तो आवाज रंजीतानं कधीच ऐकला नव्हता. बारीक, फाटका, शेवटच्या रांगेपर्यंत कधीच न पोहोचणारा. "नको जाऊ, बाई. पडन ते."

शेजारच्या अंगणातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. गुणवंतरावांनी मायला सोडलं आणि स्वतःचे हात असे पाहिले की हे कुणाचे. मग ते तिथंच, विटांच्या ढिगावर, हळूच खाली बसले. माय एकदा त्यांच्याकडं, एकदा घराकडं पाहत होती. आणि हळूहळू, फार हळूहळू, तिची नजर वर छताकडं गेली आणि तिथंच राहिली.

रंजीताला वाटलं आपण आता मोडून पडणार. पडली नाही. उलट छातीतलं ते धडधडणारं मोठं मोठं होत गेलं, गळ्याशी आलं, डोळ्यांत आलं. कमळ गेलं, पलंग गेला, पाटी गेली, आणि माय अंगणात उन्हात उभी होती, पदर डोक्यावर, धडधाकट. रंजीताला हसावंसं वाटत होतं. ती जाऊन मायला बिलगली.

"पाडा, भाऊ," ती म्हणाली. आवाज अजिबात कापला नाही. "पूरा पाडा. अन् मंग पुन्हा बांधा. सीझन गेला उडत."

गुणवंतरावांनी मान वर केली नाही. नुसती डोलावली.

आत चुलीवर भात करपायला लागला होता. वास दारापर्यंत आला, अंगणात आला. उतरवायला कोणीच गेलं नाही.